अख्खा मनोरा का फिरवायचा? शॉर्टवेव्हच्या फिरत्या अँटेनाबद्दल

सांगलीकडच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न असा: "परदेशी प्रसारणाच्या मोठ्या शॉर्टवेव्ह केंद्रांवर ८० मीटर उंचीचा अँटेना मनोऱ्यासकट फिरवतात असं वाचलं. झोत तर फेज बदलूनही वळवता येतो, मग एवढं लोखंड फिरवायची गरज काय? आणि ५०० किलोवॅट फिरत्या सांध्यातून जातात कसे? सांधा जळत नाही का?"

मी २६ वर्षं मोठ्या शॉर्टवेव्ह ट्रान्समीटरवर आणि त्यांच्या अँटेनांवर काम केलं. त्यातली शेवटची काही वर्षं एका आखाती देशात, समुद्रकाठच्या केंद्रावर गेली आणि तिथे असाच एक फिरता अँटेना माझ्याकडे होता. प्रश्न चांगला आहे, म्हणून हात आखडता न घेता लिहितो.

आधी थेट उत्तर. फेज, म्हणजे अँटेनाच्या वेगवेगळ्या भागांना पोचणाऱ्या लहरींचा मागेपुढेपणा, बदलून झोत वळतो, पण ३० अंशांच्या आसपासच नीट वळतो. त्यापुढे जायचं तर अँटेनाच वळवावा लागतो. सांधा जळू शकतो, मी जळालेला पाहिला आहे, पण तो फिरल्यामुळे नव्हे, न फिरल्यामुळे जळला होता. त्याची हकिगत पुढे येईल. आणि जे पुस्तकात सहसा सापडत नाही ते असं, की अँटेना फिरवण्याचा सगळ्यात मोठा फायदा दिशेत नाहीच. ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंतची वाट आखूड होते, हा तो फायदा. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं आपोआप जागेवर पडतं.

आता अँटेना कसा असतो ते पाहू. याला कर्टन अँटेना म्हणतात, कारण लांबून तो खरंच तारांचा टांगलेला पडदा दिसतो. आडव्या डायपोलच्या, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीच्या तारेच्या साध्या अँटेनांच्या, ओळी एकावर एक, आणि त्यांच्या मागे परावर्तक म्हणून तारांची जाळी. नावावरून रचना कळते. एचआरएस ४/४/०.५ म्हणजे आडवे डायपोल, मागे परावर्तक, झोत फेजने वळवण्याची सोय, एका ओळीत ४ डायपोल, एकावर एक ४ ओळी, आणि सगळ्यात खालची ओळ जमिनीपासून अर्ध्या तरंगलांबीवर. अँटेना फिरता असेल तर नावात आणखी एक 'आर' येतो.

तुम्ही ८० मीटर वाचलंत ना? तो आकडा कुठून येतो ते स्वतः काढून बघा. ६ ते ११ मेगाहर्ट्झचा पट्टा घ्या. त्याच्या मधोमध, ८ मेगाहर्ट्झच्या आसपास, तरंगलांबी ३७ मीटर भरते. अर्धी तरंगलांबी साडेअठरा मीटर. असे ४ डायपोल ओळीने लावले की पडद्याची रुंदी झाली सुमारे ७५ मीटर. उंचीचंही तसंच: खालची ओळ साडेअठरा मीटरवर, तिच्यावर साडेअठरा-साडेअठरा मीटर अंतराने आणखी तीन ओळी, म्हणजे वरची ओळ गेली ७५ मीटरवर. तिला टांगायला मनोरा ८० मीटरच्या घरात लागणारच. कुणाला भव्य काही उभारायचं होतं म्हणून तो एवढा झालेला नाही, तरंगलांबीनेच तो तेवढा केला आहे. अशा पडद्याची लब्धी २० डीबीच्या आसपास असते. म्हणजे सगळीकडे सारखं पसरवणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत मुख्य दिशेला १०० पट. ५०० किलोवॅट ट्रान्समीटरचे त्या दिशेला ५० मेगावॅट होतात ते असे.

आता फेजचा मुद्दा. डायपोलचे ४ उभे स्तंभ आहेत, त्यांच्यात अर्ध्या तरंगलांबीचं अंतर आहे. झोत ३० अंश वळवायचा तर शेजारच्या दोन स्तंभांच्या फेजमध्ये १८० गुणिले साइन ३०, म्हणजे ९० अंशांचा फरक ठेवावा लागतो. कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक स्तंभाला स्वतंत्र फीडर, म्हणजे वीज पोचवणारी तारांची वाट, त्यात लांबी वाढवणाऱ्या तारा आणि त्या आत-बाहेर करणारे स्विच, आणि हे सगळं काही हजार व्होल्टवर. म्हणून पुष्कळ ठिकाणी दोन-दोन स्तंभांची जोडी करून फक्त डावा अर्धा आणि उजवा अर्धा यांच्यातच फेज बदलतात. त्यात १५ अंशांपर्यंत काम छान होतं. पण त्याच पद्धतीने ३० अंशांवर गेलात तर दोन अर्ध्यांमध्ये १८० अंशांचा फरक पडतो, आणि १८० अंश पुढे आणि १८० अंश मागे यात फरकच नसतो. झोत दुभंगून अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे जातो.

स्तंभ चारही वेगळे केले तरी पट्ट्याच्या वरच्या टोकाला अडचण उभी राहते. ११ मेगाहर्ट्झला तरंगलांबी २७ मीटर, पण स्तंभ आपले साडेअठरा मीटरवरच, म्हणजे अंतर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा बरंच जास्त झालं. तिथे ४५ अंश वळवायचा हट्ट धरला, तर विरुद्ध बाजूला जवळपास ५० अंशांवर तितकाच जोमदार दुसरा झोत उभा राहतो. तुमची निम्मी वीज भलत्याच देशात गेली, आणि त्या देशात त्याच वारंवारतेवर दुसरं केंद्र असेल तर त्याच्या श्रोत्यांनाही त्रास. शिवाय फेज बदलली की डायपोलांचा एकमेकांवर होणारा परिणाम बदलतो, फीडरला दिसणारा अवरोध (इम्पीडन्स) सरकतो, अँटेनाकडून ट्रान्समीटरकडे परत येणारी शक्ती वाढते. म्हणून ३० अंश ही मर्यादा कुणी मनाने ठरवलेली नाही, ती गणितातूनच येते.

मग वर्तुळाच्या उरलेल्या भागाचं काय? जुना उपाय म्हणजे अँटेनांची शेती. एक पडदा या दिशेला, दुसरा त्या दिशेला, खालच्या पट्ट्याचे वेगळे, वरच्या पट्ट्याचे वेगळे. मधे ट्रान्समीटरची इमारत, तिच्यातून निघालेले फीडर, आणि कुठलाही ट्रान्समीटर कुठल्याही अँटेनाला जोडता यावा म्हणून स्विचांचं मोठं जाळं. आकाशवाणीचं बेंगळुरूचं केंद्र हे आपल्याकडचं उत्तम उदाहरण: ५०० किलोवॅटचे ६ ट्रान्समीटर आणि त्यांच्यासाठी स्थिर पडद्यांचं रान. ही पद्धत वाईट अजिबात नाही. पण तिची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते, जमिनीत आणि तारेत. ५०० किलोवॅटमधला एक टक्का म्हणजे ५ किलोवॅट. फीडर शेकडो मीटर लांब गेला, त्यात प्रत्येक खांबावर इन्सुलेटर, प्रत्येक वळणावर सांधा, प्रत्येक स्विचमध्ये काही संपर्क, असे दोन-चार टक्के कधी गेले ते कळतही नाही. त्या लांब फीडरवर पक्षी बसतात, वेली चढतात, वीज पडते. मी स्थिर पडद्यांच्या केंद्रावर काम करत होतो तेव्हा आमच्या दुरुस्तीच्या वहीत अँटेनापेक्षा फीडर आणि स्विचच्याच नोंदी जास्त असायच्या.

फ्रान्सच्या अ‍ॅलिस प्रणालीने नेमकं हेच उलटं केलं. अल्लुई आणि इसूदाँ या दोन प्रसारण केंद्रांच्या नावांतली आद्याक्षरं जोडून ते नाव झालं. कल्पना अशी की ट्रान्समीटर अँटेनाच्या पायाखालच्या इमारतीतच ठेवायचा, अँटेना त्याच्या डोक्यावर फिरवायचा, आणि लांब फीडर, स्विचांचं जाळं सगळं काढून टाकायचं. एक ट्रान्समीटर, एक अँटेना. मनोऱ्याच्या एका अंगाला खालच्या पट्ट्याचा पडदा, दुसऱ्या अंगाला वरच्या पट्ट्याचा, पाठीला पाठ लावून. १९९०च्या दशकात इसूदाँला असे १२ उभे राहिले. फ्रेंच गयानात मोंसिनेरीलाही ही प्रणाली गेली. बर्लिनजवळ नाउएनला ४ बसवले, ते १९९७ मध्ये डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेसाठी चालू झाले.

नाउएनचा उल्लेख आला म्हणून थोडं विषयांतर करतो, कारण त्या गावाबद्दल मला मनापासून आदर आहे. १९०६ पासून तिथून रेडिओचं प्रक्षेपण होत आलं आहे. आणि अ‍ॅलिसच्या बरंच आधी, १९६४ मध्ये, पूर्व जर्मनीच्या काळात तिथे एक फिरता शॉर्टवेव्ह अँटेना उभारला गेला होता. तो नुसता फिरत नव्हता, वर-खालीही झुकत होता. झोत क्षितिजापासून किती अंशांवर सोडायचा हेही यंत्राने ठरवायचं, एवढी त्या लोकांची जिद्द. पुढच्या रचनांमध्ये झुकवणं कुणी ठेवलं नाही, कारण उभ्या दिशेतला कोन ओळींची संख्या आणि उंची यांनी स्वस्तात जमवता येतो.

त्याहूनही आधीचं उदाहरण हॉलंडमधलं. फिलिप्सने हुइझनला १९३७ मध्ये आपल्या पीसीजे या शॉर्टवेव्ह केंद्रासाठी दोन लाकडी मनोरे एका चौथऱ्यावर उभे केले, त्यांच्यामध्ये पडदा ताणला, आणि अख्खी रचना गोल रुळांवर चाकांनी फिरवली. लाकूड का? लोखंडी मनोरा स्वतःच डायपोलसारखा वागून झोत बिघडवतो म्हणून. हुइझनचे फोटो पाहिले की मला आपल्या देवळांचे रथ आठवतात. तसंच भलंमोठं लाकूड, तशीच खाली चाकं.

आता फिरत्या सांध्याकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नातला खरा जिव्हाळ्याचा भाग तोच आहे.

पडद्याला वीज पोचवणारा फीडर समतोल असतो, दोन बाजूंच्या तारांचा, ३०० ओहमच्या घरातला. ५०० किलोवॅटला त्यावर १२ हजार व्होल्ट आणि ४१ अँपिअर. हे नुसत्या वाहक लहरीचं, म्हणजे आवाज न चढवलेल्या मूळ लहरीचं झालं. एएममध्ये, म्हणजे आवाजाप्रमाणे लहरीची उंची बदलण्याच्या पद्धतीत, पूर्ण मॉड्युलेशनला क्षणिक शिखर शक्ती चौपट होते, २ मेगावॅट, आणि तेव्हा व्होल्टेजचं शिखर ३५ हजारांच्या जवळ जातं. परतीच्या शक्तीमुळे स्थिर लहरींचं गुणोत्तर २ झालं तर तारेवर काही ठिकाणी तेच ४९ हजार. आता कल्पना करा, ही दोन तारांची जोडी फिरत्या भागावर न्यायची आहे. एक टोक स्थिर, दुसरं फिरतं. फिरताना दोन तारांमधलं अंतर बदलेल, त्या एकमेकींना पीळ देतील, अवरोध बदलेल. जमणार नाही.

म्हणून सांध्याच्या ठिकाणी फीडर समाक्ष असतो, म्हणजे कोअॅक्सिअल, ५० ओहमचा. बाहेर एक नळी, तिच्या बरोबर मधोमध दुसरी. ही रचना मुळातच गोल. वरचा भाग खालच्या भागावर कितीही फिरवा, आडवा छेद जसाच्या तसा राहतो, विद्युतचुंबकीय क्षेत्राला काही फिरलं हे कळतच नाही. ५० ओहमवर व्होल्टेजही सुसह्य होतं: ५ हजार व्होल्ट, पूर्ण मॉड्युलेशनला शिखर १४ हजार. सांधा पार करून वर गेल्यावर बॅलन नावाच्या जुळवणीच्या घटकातून समाक्षचा समतोल फीडर करायचा आणि मग पडद्याकडे न्यायचा.

व्होल्टेज उतरलं खरं, पण प्रवाह १०० अँपिअर झाला. पूर्ण मॉड्युलेशनला सव्वाशेच्या जवळ. घरातल्या दोन हजार वॅटच्या गीझरची कल्पना करा, तसे अडीचशे एका नळीतून. आणि १० मेगाहर्ट्झला तांब्यात प्रवाह पृष्ठभागापासून जेमतेम ०.०२ मिलिमीटर खोल वाहतो. नळी कितीही जाड असू द्या, काम करते ती तिची कांती. म्हणून सरकत्या संपर्काच्या जागी चांदीचा मुलामा दिलेल्या स्प्रिंगच्या बोटांची कडी असते. कितीतरी बोटं, प्रत्येक गोल नळीवर दाबून बसलेली, प्रत्येकाच्या वाट्याला थोडा थोडा प्रवाह. एका बोटाचा दाब कमी झाला की त्याचा वाटा शेजारच्यांवर जातो. शेजारचं तापतं, तापलं की त्याची स्प्रिंग ढिली पडते. एकातून दुसरं, असा बिघाड पसरत जातो.

आता ती हकिगत. हिवाळ्याचे दिवस होते, आमचं रात्रीचं प्रसारण चालू होतं. परतीच्या शक्तीचा काटा दर काही मिनिटांनी किंचित थरथरत होता. ट्रान्समीटर बंद पडण्याएवढं काही नव्हतं, बाकीचे म्हणाले चालू दे. मला ते आवडलं नाही. कार्यक्रम संपल्यावर अर्थिंगची काठी लावून सांधा उघडला. चांदीची कडी तीन बाजूंनी छान पांढुरकी होती, आणि एका बाजूला हाताच्या पंजाएवढ्या भागात काळी-निळी पडलेली. दोन बोटांची टोकं वितळून गोल झाली होती. समोरच्या नळीवर त्याच ठिकाणी खड्डे.

कारण शोधायला वेळ लागला नाही. त्या हंगामात आमचा अँटेना रोज एकाच दिगंशावर, म्हणजे उत्तरेपासून मोजलेल्या एकाच दिशेला, उभा असे. सकाळी तोच, रात्री तोच. वेळापत्रकच तसं होतं. तीच बोटं नळीच्या त्याच जागेवर महिनोन्‌महिने दाबून बसली, घर्षणाने जागा साफ होईना, चांदीवर काळा थर चढत गेला. त्याच काळात मनोऱ्याचं मुख्य बेअरिंग तपासलं, तर तिथेही तीच तक्रार: गोळे वाऱ्याच्या थरथरीने जागच्या जागी घासले जाऊन पट्टीत बारीक वळ उमटायला लागले होते, आणि ग्रीस गोळ्यांखालून निघून गेलं होतं. त्यानंतर मी नियम केला. वेळापत्रकात दिशा बदलायची असो वा नसो, आठवड्यातून दोनदा, ट्रान्समीटर पूर्ण बंद असताना, अँटेनाला पूर्ण फेरी द्यायची, आणि उभा करताना रोजच्या जागेपासून अंश-दोन अंश इकडे-तिकडे. नंतर मी तिथे होतो तोवर ना बोटं काळी पडली ना बेअरिंग कुरकुरलं.

अंश-दोन अंश सरकवल्याने श्रोत्यांचं नुकसान नाही का, असं तुम्ही विचाराल. गणित करू. नाउएनहून मुंबईकडे झोत टाकायचा तर दिगंश उत्तरेपासून १०२ अंश येतो, अंतर सुमारे ६,३०० किलोमीटर. ४ डायपोल रुंदीच्या पडद्याचा झोत निम्म्या शक्तीच्या बिंदूंमध्ये साधारण २६ अंश रुंद असतो. एवढ्या अंतरावर तो झोत २,४०० किलोमीटर रुंद झालेला असतो. मुंबई ते कोलकाता त्याहून कमी आहे. एक अंशाची चूक म्हणजे ९३ किलोमीटर, आणि ५ अंशांची चूक झाली तरी मध्यावर अर्ध्या डीबीएवढाच तोटा. लहरींना परत जमिनीकडे वळवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराच्या, आयनांबराच्या, चढउतारात हा अर्धा डीबी कुणाच्या लक्षातही येत नाही. नवखे इंजिनिअर कोन मोजणाऱ्या उपकरणाच्या अचूकतेवर डोकं फोडतात. मी त्यांना सांगायचो, ते डोकं बोटांच्या दाबावर खर्च करा.

उभ्या कोनाचं मात्र असं नाही, तिथे फरक पडतो. तेच ६,३०० किलोमीटर आयनांबराला तीनदा आपटून, म्हणजे तीन उड्यांमध्ये, पार करायचे तर, आयनांबराचा थर ३०० किलोमीटरवर धरून, झोत जमिनीपासून ११ अंशांच्या आसपास सुटायला हवा. दोन उड्यांत पार करायचे तर साडेतीन अंशांवर. ४/४/०.५ पडद्याचा झोत साधारण ९ अंशांवर सुटतो, म्हणजे तीन उड्यांच्या वाटेच्या जवळ. रेडिओ सिलोन ऐकत वाढलेल्या घरांत आवाज लाटेसारखा येतो-जातो हे सगळ्यांना पाठ असतं. ते याचंच: वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी पाय ओढतात.

त्याच नाउएनहून लागोसचा दिगंश १९३ अंश, बीजिंगचा ५४. म्हणजे एकच फिरता अँटेना संध्याकाळी पश्चिम आफ्रिका, मग भारत, मग चीन असं करू शकतो, मधल्या काही मिनिटांच्या विरामात फिरून. स्थिर पडद्यांनी हे करायचं तर निदान तीन पडदे, आणि पट्टा बदलला की आणखी.

वाऱ्याबद्दल पुस्तकांत कमी लिहिलेलं असतं, पण माझी झोप उडाली असेल तर ती वाऱ्याने. ताशी १४४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४० मीटर वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो भरतो. पडदा तारांचा, भोकाभोकांचा असला तरी तारांची, दोऱ्यांची, आडव्या भुजांची मिळून जागा कमी नसते. स्थिर पडद्याला दोन्ही बाजूंना मनोरे असतात आणि चहूबाजूंनी ताण. फिरत्याला ताणदोर लावताच येत नाहीत, कारण मग तो फिरणार कसा? सगळा भार मधल्या एका खांबावर आणि त्याच्या बेअरिंगवर. आणि सरळ दाबापेक्षा पीळ वाईट. वाऱ्याची झुळूक एका पंखावर जोरात आणि दुसऱ्यावर हळू आली की मधल्या खांबापासून ३७ मीटर लांबीच्या तरफेने ती मनोऱ्याला पिळते. तो पीळ गिअरच्या दातांवर जाऊ द्यायचा नाही, ब्रेकने धरायचा, आणि ब्रेक ठरावीक मर्यादेला सरकू द्यायचा, म्हणजे दात तुटण्याऐवजी अँटेना थोडा वळतो.

वादळाची सूचना आली की पडद्याची कड वाऱ्याकडे करायची, तोंड नाही. पण वाऱ्याची दिशा आणि श्रोत्यांची दिशा जुळतीलच असं नाही. एका संध्याकाळी आमच्याकडे धुळीचं वादळ येत होतं आणि प्रसारणाची वेळ पंधरा मिनिटांवर. मी प्रसारण रद्द केलं. वरिष्ठांचे खूप प्रश्न आले. आजही तेच करीन. एक दिवसाचा कार्यक्रम बुडाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लागतो, पण ८० मीटरचा मनोरा एकदा आडवा झाला की तो पुन्हा उभा राहायला वर्षं लागतात, आणि त्याच्याखाली माणसं असतात.

समुद्रकाठचं आणखी एक दृश्य सांगतो, कारण ते मी विसरू शकत नाही. रात्री कुंपणाबाहेरून फेरी मारत होतो. हवेत दमटपणा, इन्सुलेटरांवर मिठाचा थर. वरून, मनोऱ्याच्या अंधारातून, कुणी तरी बोलत होतं. निवेदकाचा आवाज, पातळ, फुसफुसता, पण शब्द ओळखू येत होते. इन्सुलेटरच्या टोकाशी निळी ठिणगी धरली होती, आणि एएममध्ये शक्ती आवाजाबरोबर वर-खाली होते, म्हणून ठिणगीभोवतालची हवा तापून-निवून तोच आवाज काढत होती. ट्रान्समीटरचं संरक्षण अशा लहान ठिणगीला दरवेळी ओळखेलच असं नाही. मी धावत जाऊन वाहक लहर बंद केली. सकाळी क्रेनची गाडी लावून इन्सुलेटर गोड्या पाण्याने धुतले. इथे फिरता अँटेना उपयोगी पडला: गाडी एका जागी उभी ठेवून पडदाच फिरवून एकेक इन्सुलेटर माणसासमोर आणला. स्थिर पडद्याला हे सुख नाही.

आता तोटा सांगायला हवा, नाहीतर उत्तर अर्धं राहील. एक ट्रान्समीटर आणि एक अँटेना अशी जोडी म्हणजे एकात बिघाड झाला की दुसराही गप्प. शेतीच्या पद्धतीत एक पडदा तुटला तर स्विच टाकून शेजारचा घेता येतो, दिशा थोडी चुकते पण आवाज जातो. म्हणून इसूदाँसारख्या ठिकाणी एक-दोन नव्हे, बाराच्या बारा उभारण्यात शहाणपण आहे. मला कुणी विचारलं, एकच फिरता अँटेना घेऊ का, तर मी सांगेन की सोबत एक साधा स्थिर अँटेना ठेवा, कमी शक्तीचा असला तरी चालेल. जिथे पाच-सहा ट्रान्समीटर एका छपराखाली आहेत आणि ठरलेल्या चार दिशांनाच बोलायचं आहे, तिथे स्थिर पडदेच बरे. जमीन महाग, दिशा अनेक, आणि हंगामाप्रमाणे वेळापत्रक बदलणारं, तिथे फिरता अँटेना आपली किंमत वसूल करतो. शॉर्टवेव्हची वेळापत्रकं वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, हे लक्षात घ्या. सूर्यडागांचं चक्र तर वेगळंच. जे केंद्र प्रसारणाच्या वेळा भाड्याने देतं त्याला पुढच्या हंगामात कुठला गिऱ्हाईक कुठली दिशा मागेल हे आधी माहीतच नसतं. अशा केंद्राला ३६० अंशांपैकी कुठलाही अंश हातात असणं म्हणजे पैसा आहे.

ही सगळी यंत्रं आता कमी होत चालली आहेत हे तुम्हाला दिसत असेलच. रेडिओ नेदरलँड्सचं शॉर्टवेव्ह २०१२ मध्ये थांबलं. तरी मी त्यांना भूतकाळात घालत नाही. इंटरनेट बंद करता येतं, उपग्रह वाहिन्या केबलवाल्याकडून काढता येतात, पण ६,००० किलोमीटरवरून येणारी लहर अडवायला समोरच्याला तेवढीच मोठी यंत्रणा उभी करून गोंगाट सोडावा लागतो. ज्या देशांत माणसं अजून खिशातल्या छोट्या रेडिओवर बाहेरची बातमी ऐकतात, त्यांच्यासाठी हा पडदा फिरत राहायला हवा असं मला वाटतं.

तुम्ही प्रकल्पाचा विषय शोधताय असंही लिहिलं आहे. ८० मीटरचा मनोरा कॉलेजात होणार नाही, पण तोच पडदा ४३५ मेगाहर्ट्झला करा. तरंगलांबी ६९ सेंटिमीटर, डायपोल सुमारे ३४ सेंटिमीटरचा, ४ बाय ४ चा पडदा दीड मीटरच्या आत बसतो. मागे कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी परावर्तक म्हणून चालते. कॉलेजातल्या परवानाधारक हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, सोबत घ्या. चारही स्तंभांना वेगळ्या केबल काढा, आणि फेज बदलण्यासाठी केबलचे तुकडे मोजून कापा: शेजारच्या स्तंभांमध्ये ० अंश, मग ४५, मग ९०, मग १२७. केबलमधला लहरीचा वेग हवेतल्यापेक्षा कमी असतो, तो धरूनच तुकड्याची लांबी काढा, इथे सगळे चुकतात. प्रत्येक वेळी नॅनोव्हीएनए या छोट्या मापकाने प्रत्येक स्तंभाचा अवरोध मोजा आणि वहीत लिहा. ९० अंशांपर्यंत आकडे सावकाश सरकतील. १२७ वर कडेचा एक स्तंभ एकदम वेगळं बोलायला लागेल. तो आकडा मला नक्की कळवा, कडेचा कुठला स्तंभ आणि किती, कारण माझ्या अंदाजाशी तो ताडून पाहायचा आहे.